बोडनझेची शनिवार-रविवार सहल: आधी पाणी, मग बाकीची आखणी

सहप्रवासी (धागाकर्ता)

दक्षिण जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप गटांवर मे महिना उजाडला की ‘या शनिवार-रविवारी बोडनझेला कोण कोण येणार’ हा प्रश्न हमखास येतो. बोडनझे म्हणजे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरचे मोठे सरोवर. मी उल्म येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि आमच्या वर्गाची अशीच एक सहल जूनमध्ये पार पडली. बरोबर काही मराठी मंडळी, दोघे तमिळ, एक इराणी मैत्रीण, एक कोलंबियाचा आणि याच भागात लहानाचा मोठा झालेला एक जर्मन वर्गमित्र होता. सहल उत्तम झाली. परंतु प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. आखणी करताना आपली सगळी चर्चा तिकीट, मुक्काम, खाणे आणि खर्चाची वाटणी यांतच संपते, आणि ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप करायचा त्या पाण्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही, ही गोष्ट मला खटकली, म्हणून हा धागा काढला आहे.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसे अवघड काही नाही. उल्म ते फ्रीडरिक्सहाफेन या मार्गाचे विद्युतीकरण २०२१ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण झाले असून प्रादेशिक जलद गाडीने साधारण तासाभरापेक्षा थोड्या अधिक वेळात सरोवराच्या काठी उतरता येते. ज्यांच्याकडे डॉइचलांड-तिकीट (देशभरातील प्रादेशिक गाड्यांना व बसना चालणारे मासिक तिकीट) आहे त्यांना निराळे काही काढावे लागत नाही. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनी मिळून बाडेन-व्युर्टेम्बेर्ग-तिकीट, म्हणजे या राज्याचे एका दिवसाचे तिकीट, काढावे. ते पाच जणांपर्यंत चालते आणि शनिवारी-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या पहाटे ३ वाजेपर्यंत वैध असते. आय.सी.ई. आणि आय.सी. या लांब पल्ल्याच्या गाड्यांना ही तिकिटे चालत नाहीत, हे जुन्यांना ठाऊक असते. नव्यांना कोणीतरी सांगायला हवे. सरोवरावरच्या प्रवासी जहाजांचे तिकीट वेगळे काढावे लागते. दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे रविवारच्या न्याहारीचे सामानसुद्धा शनिवारीच घेऊन ठेवावे.

आता पाण्याविषयी. बोडनझेचे क्षेत्रफळ सुमारे ५३६ चौरस किलोमीटर आहे, लांबी ६३ किलोमीटर आहे आणि सर्वांत खोल ठिकाणी ते २५१ मीटर खोल आहे. हे आकडे माहितीफलकावर वाचून आपण पुढे जातो, पण पाण्यात उतरल्यावर त्यांचा अर्थ फार वेगळ्या रीतीने समोर येतो. बऱ्याच ठिकाणी काठालगत उथळ पाण्याची रुंद पट्टी असते. तळाशी फिकट वाळू आणि गोटे असल्यामुळे तिथले पाणी पांढुरके-हिरवे दिसते, गुडघाभर किंवा कमरेइतके असते, आणि ज्याला अजिबात पोहता येत नाही तोही त्यातून निर्धास्तपणे चालत आत जात राहतो. पुढे एका रेषेवर तो हिरवा रंग एकदम गडद निळा होतो. त्या रेषेपाशी तळ उतरत जात नाही, तर सरळ कोसळतो. आमचा जर्मन मित्र मला तिथवर घेऊन गेला आणि पाय पुढे टाकून बघ म्हणाला; टाच वाळूवर टेकलेली असताना बोटांखाली काहीच नव्हते.

या मित्राचे नाव इथे देत नाही, पण सहल नीट पार पडण्याचे श्रेय बरेचसे त्याचेच आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सगळे बसलो असताना त्याने सरळ विचारले, ‘पोहता कोणाकोणाला येते?’ जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, ‘पायाला तळ लागत नसताना, कशालाही न धरता, पंधरा मिनिटे?’ निम्म्याहून अधिक हात खाली आले. जर्मनीत पोहण्याच्या कांस्य बिल्ल्याची अट साधारण हीच आहे: १५ मिनिटांत किमान २०० मीटर पोहणे, शिवाय एक उडी आणि एक बुडी. इथली मुले शाळकरी वयातच ही परीक्षा देतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ‘पोहता येते’ याचा अर्थ हा असतो. आपल्या लेखी तरणतलावाच्या उथळ बाजूला चार हात मारता आले तरी पोहता येते. हा फरक वर्गमित्रांमध्ये कोणी उघड बोलत नाही, कारण परक्या देशात, नव्या ओळखींमध्ये, मुलींसमोर किंवा मुलांसमोर ‘मला येत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सहलीच्या दिवशी काठावर उभे राहून विचारूच नये. तो आधी, घरात, कपडे भिजलेले नसताना विचारावा आणि दुसऱ्या प्रश्नासह विचारावा.

शनिवारी दुपारी आम्ही पायडलच्या दोन होड्या भाड्याने घेतल्या. यासाठी परवाना लागत नाही. (मोटरची होडी ६ अश्वशक्तीपेक्षा अधिक असेल किंवा शिडाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर बोडनझेसाठीचा खास परवाना लागतो, त्यामुळे ‘माझ्याकडे गाडी चालवायचा परवाना आहे’ असे म्हणणाऱ्यांनी गप्प बसावे.) ज्यांचे हात खाली आले होते त्यांनी लाइफ जॅकेट घातली होती. तीनच्या सुमारास बंदरावरचा नारिंगी दिवा लुकलुकू लागला. आमच्या डोक्यावर आकाश स्वच्छ होते, वारा जवळपास नव्हताच. फक्त पश्चिमेकडे क्षितिजालगत एक करडी पट्टी दिसत होती. इराणी मैत्रिणीने घड्याळ लावून मोजले: मिनिटाला ४० वेळा. ही जोरदार वाऱ्याची पूर्वसूचना असते. कोलंबियाच्या मित्राचे म्हणणे होते की अजून एक फेरी सहज होईल, कारण पाण्यावर साधा तरंगही नाही. थोडा वाद झाला, पण होड्या वळवल्या. काठावर येऊन, पैसे चुकते करून आइसक्रीमच्या रांगेत उभे राहिलो तोवर लाटा धक्क्याच्या दगडांवर आपटून वरपर्यंत उडत होत्या, आणि दिव्याची गती दुपटीहून वाढली होती.

या मंचावर बोडनझेच्या आसपास अनेक वर्षे राहणारे काही सदस्य आहेत हे मला माहीत आहे. त्यांनी भर घालावी आणि इतरांनी आपापल्या गटांतील रीत सांगावी, अशी विनंती आहे.

पाणकावळा

कोन्स्टान्झ येथे माझा संशोधनाचा काळ गेला आणि पुढे नोकरीही याच काठाला मिळाली. धागा उपयुक्त आहे. दिव्यांविषयी पूर्ण माहिती देतो, कारण अनेक विद्यार्थी तो दिवा बंदराची शोभा समजतात. मिनिटाला सुमारे ४० वेळा लुकलुकणे म्हणजे २५ ते ३३ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाच्या वाऱ्याची शक्यता, आणि मिनिटाला सुमारे ९० वेळा म्हणजे ३४ नॉट किंवा त्याहून अधिक, अर्थात वादळाचा इशारा. सरोवराचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे तीन भाग करून प्रत्येकासाठी इशारा स्वतंत्रपणे दिला जातो, त्यामुळे समोरच्या काठावरचा दिवा पेटला आणि आपल्या बाजूचा नाही, असेही दिसते. त्याचा अर्थ आपला दिवा बिघडला असा नाही आणि आपण सुरक्षित आहोत असाही नाही.

उन्हाळ्यातील गडगडाटी वादळे बहुतेक पश्चिमेकडून येतात. पूर्वेकडे, म्हणजे ब्रेगेंझ आणि लिंडाऊच्या बाजूला, आणखी एक प्रकार आहे तो ‘फ्योन’ वाऱ्याचा. आल्प्स ओलांडून ऱ्हाइनच्या खोऱ्यातून हा उबदार, कोरडा वारा खाली उतरतो. त्या दिवशी हवा इतकी निर्मळ असते की पर्वत हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटतात, सगळे जण छायाचित्रे काढण्यात गुंग होतात, आणि त्याच वेळी पूर्वेकडच्या पाण्यात मोठ्या लाटा उठतात. सुंदर हवा म्हणजे सुरक्षित हवा, हा हिशेब इथे चुकतो.

थंडीचा मुद्दा धागाकर्त्याने घेतला नाही, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे महिन्यात हवा २५ अंशांवर गेली तरी पाणी १५ अंशांच्या आसपास असू शकते. ऑगस्टमध्ये पृष्ठभाग २० च्या वर जातो, पण ती ऊब फक्त वरच्या थराची असते. खाली खोलवर पाणी वर्षभर ४ ते ५ अंशांवरच राहते आणि जोरदार वाऱ्यानंतर वरचे उबदार पाणी ढकलले जाऊन काठाशी एकाएकी थंड पाणी येऊ शकते. त्यात ऱ्हाइन नदी आल्प्सचे गार, गढूळ पाणी घेऊन सरोवरात शिरते. ते पाणी जड असल्याने सरोवराच्या पाण्याखाली बुडते आणि नदी जिथे मिळते तिथे गढूळ व निळ्या पाण्याची रेषा वरून स्पष्ट दिसते. त्या परिसरात पोहण्याचा विचारही करू नये.

तापलेले अंग थेट थंड पाण्यात गेले की पहिल्या क्षणी आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग काही वेळ धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर उत्तम पोहणाराही गटांगळी खातो. ही धाप बहुधा एक ते तीन मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पोहण्याची धडपड न करता पाठीवर तरंगत राहणे हाच उपाय आहे. उडी मारून उतरू नये, आधी हात, मान, छाती भिजवून सावकाश उतरावे. इथल्या जीवरक्षक संस्थेच्या म्हणजे डी.एल.आर.जी.च्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जर्मनीत किमान ४११ माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील बहुतांश मृत्यू नद्यांत व सरोवरांत झाले, तरणतलावांत नव्हे. त्या ठिकाणी बहुतेक वेळा जीवरक्षक नसतो, हेच त्याचे मोठे कारण आहे.

रानवाट

लेखन चांगले आहे, पण मला यातील सूर थोडा अतिसावध वाटतो. विद्यार्थी आठवडाभर प्रयोगशाळेत, ग्रंथालयात आणि अर्धवेळ नोकरीत पिचलेले असतात. शुक्रवारी रात्री कोणाच्या तरी मनात येते आणि शनिवारी सकाळी सगळे गाडीत बसतात, यातच त्या वयाची गंमत आहे. आधी बैठक घ्या, मग पोहण्याची चाचणी घ्या, मग दिवे मोजा, असे केल्यास सहलीची सहल उरणार नाही; क्षेत्रभेट होईल. शिवाय ज्याला पोहता येत नाही त्याला सर्वांदेखत हात खाली करायला लावणे हेही मला प्रशस्त वाटत नाही. त्याला पुढचे दोन दिवस ‘जॅकेटवाला’ म्हणून चिडवणार नाहीत, याची हमी कोण देणार?

सहप्रवासी

रानवाट, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर आमच्याच गटात पर्याय निघाला होता. तमिळ मित्रांपैकी एकाने सुचवले की सर्वांसमोर विचारण्याऐवजी ज्याने त्याने एका व्यक्तीला खासगी संदेश करावा आणि त्या व्यक्तीने होड्यांची विभागणी करताना ते ध्यानात ठेवावे. पुढच्या सहलीला हीच पद्धत अवलंबायची, असे ठरले आहे.

पहिल्या मुद्द्याशी मात्र सहमत होता येत नाही. आयत्या वेळी निघण्यास माझी काहीच हरकत नाही. गाडीत बसल्यावरही तासभर हाताशी असतोच. आणि पाण्यात न उतरणाऱ्यांची सहल वाया जाते, असेही नाही. फ्रीडरिक्सहाफेनला जुन्या बंदर-स्थानकाच्या इमारतीत झेपेलिन संग्रहालय आहे. पहिले झेपेलिन, म्हणजे हलक्या वायूने तरंगणारे अवाढव्य हवाई जहाज, २ जुलै १९०० रोजी याच सरोवरावरून उडाले. संग्रहालयात ‘हिंडेनबुर्ग’ या हवाई जहाजाचा काही भाग मूळ आकारात पुन्हा उभारलेला आहे. शिडीने वर चढून उतारूंच्या खोल्या पाहता येतात: भिंतीला लावलेले वर-खाली दोन अरुंद पलंग, घडी करता येणारे हातधुण्याचे भांडे, आणि सगळे ॲल्युमिनियमचे, कारण तिथे वजनाचा हिशेब ग्रॅममध्ये होत असे. आमच्यातील यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिथून हलायलाच तयार नव्हते. होडीसाठी त्यांना अक्षरशः ओढून आणावे लागले.

चौकट

मी स्टुटगार्टला शिकतो. पाण्याविषयी जाणत्यांनी लिहिले आहे, मी कागदपत्रांविषयी लिहितो, कारण या सरोवराला जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया असे तीन देश लागतात आणि आपल्या पारपत्रधारकांसाठी ती बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोन्स्टान्झमध्ये तर चालता चालता रस्त्याच्या पलीकडे स्वित्झर्लंडचे क्रॉइत्सलिंगेन लागते. फ्रीडरिक्सहाफेनहून समोरच्या रोमान्सहोर्नला जाणारी फेरी आहे, तीही स्वित्झर्लंडलाच पोहोचते.

जर्मनीचा वैध निवास परवाना आणि वैध पारपत्र असल्यास शेंगेन देशांत, म्हणजे आपापसांतील सीमा सहसा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणून तिथेही हे लागू होते. पण दोन्ही मूळ कागदपत्रे जवळ हवीत; भ्रमणध्वनीतले छायाचित्र दाखवून भागत नाही. शेंगेन असले तरी तपासणी होतच नाही असे समजू नये, कारण जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी लागू केली होती. ज्यांचा परवाना नूतनीकरणात अडकला आहे आणि हातात केवळ तात्पुरता कागद आहे, त्यांनी पलीकडे जाण्यापूर्वी आपल्या परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारावे. उत्तर आले नसेल तर जर्मन काठावरच राहावे; मेअर्सबुर्ग, लिंडाऊ, माइनाऊ बेट, युनेस्कोच्या यादीत २००० साली समाविष्ट झालेले राइषेनाऊ बेट, हे सारे जर्मनीतच आहे.

गंमत अशी की मुख्य सरोवराच्या मध्यभागी सीमा नेमकी कुठे आहे, यावर या तीन देशांचा आजतागायत करार झालेला नाही. भ्रमणध्वनी कंपन्यांना मात्र त्याविषयी काही शंका नसते. जहाज थोडे आत गेले की फोन स्विस जाळे पकडतो, आणि युरोपीय संघातील मोफत रोमिंगचा नियम स्वित्झर्लंडला लागू नाही. काही कंपन्यांच्या योजनांत तो देश धरलेला असतो, काहींच्या नसतो. आपली योजना पाहून घ्यावी, नाहीतर जहाजावर चढताच डेटा रोमिंग बंद करावे. गटातील एकाचे छायाचित्रे आपोआप चढत राहिल्याने आलेले बिल सगळ्यांच्या तिकिटांपेक्षा अधिक होते.

अबोली

माझी मुलगी येत्या ऑक्टोबरमध्ये स्टुटगार्टला शिकायला जाणार आहे. तिला पोहता येत नाही. हा धागा वाचून आधी छातीत धस्स झाले, पण माहिती नसण्यापेक्षा हे बरे. तिला ‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ असे सांगून काही उपयोग होणार नाही, हे मला ठाऊक आहे. मैत्रिणी जातील तिथे तीही जाणार, आणि जावे. तिथे गेल्यावर प्रौढ व्यक्तीला पहिल्यापासून पोहणे शिकता येते का, की तिने इथूनच शिकून जावे? आणि काठावर पोहण्याची सुरक्षित जागा कशी ओळखावी?

पाणकावळा

अबोलीताई, जमेल तेवढे तिथूनच शिकून जाऊ द्या, कारण पाण्याची भीती मोडण्याचा पहिला टप्पा आपल्या भाषेतील शिक्षकाकडून सोपा जातो. पुढचे इथे होईल. जर्मन विद्यापीठांत क्रीडा विभाग असतो आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी तो अभ्यासक्रमांची यादी प्रसिद्ध करतो. त्यात अनेक ठिकाणी प्रौढ नवशिक्यांसाठी पोहण्याचे वर्ग असतात आणि विद्यार्थ्यांना ते बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतात. नोंदणी सुरू झाली की जागा चटकन भरतात, म्हणून नोंदणीचा दिवस आणि वेळ आधीच टिपून ठेवायला सांगा. ऑक्टोबरमध्ये आलेल्या मुलीला उन्हाळा यायच्या आत संपूर्ण हिवाळा मिळतो.

सुरक्षित जागेविषयी: गावोगावी सरोवराकाठी ‘ष्ट्रांडबाड’ असते, म्हणजे तिकीट काढून आत जायची, कपडे बदलण्याची सोय असलेली पोहण्याची जागा. तिथे नवशिक्यांसाठी दोर आणि बोये लावून भाग आखलेला असतो आणि हंगामात देखरेख असते. काठावर लाल-पिवळा झेंडा फडकत असेल तर जीवरक्षक कामावर आहेत असे समजावे. त्याबरोबर पिवळा झेंडा असेल तर न पोहणाऱ्यांनी आणि कच्च्या पोहणाऱ्यांनी उतरू नये. फक्त लाल झेंडा असेल तर कोणीच उतरू नये. हवा भरलेल्या गाद्या आणि रबरी बदके ही खेळणी आहेत. वारा काठाकडून आत वाहत असेल तर ती माणसासकट सरोवराच्या मध्याकडे जातात.

तिठा

पाणकावळा यांच्या शेवटच्या वाक्यात मी पॅडलबोर्डची भर घालतो. आजकाल प्रत्येक गटात कोणीतरी हवा भरायचा पॅडलबोर्ड घेऊन येतो आणि त्यावर उभे राहून छायाचित्र काढण्याची अहमहमिका लागते. काठालगत झाडांच्या किंवा इमारतींच्या आडोशाला वारा जाणवत नाही, दोनशे मीटर आत गेल्यावर तो पाठीत बसतो आणि परत येताना कितीही वल्हवले तरी काठ जवळ येत नाही. बोडनझेवर काठापासून ३०० मीटरच्या पुढे पॅडलबोर्ड न्यायचा तर लाइफ जॅकेट बरोबर असणे बंधनकारक आहे. माझ्या मते नवख्याने ते ३० मीटरवरही घालावे. आणि पडल्यास बोर्ड सोडून पोहत सुटू नये; बोर्डावर पालथे पडून हातांनी वल्हवावे, तो बुडत नाही.

आमच्याकडे, म्हणजे पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या मंडळींत, एक भलता आत्मविश्वास असतो. मीही त्यातलाच आहे. विहिरीत काठ कायम चार हातांवर असतो, पाणी हलत नाही आणि वर कोणीतरी दोर घेऊन उभे असते. यांपैकी एकही सोय सरोवरात नाही. गावाकडे पट्टीचा पोहणारा म्हणून नाव असलेल्यांनी इथे पहिल्या दिवशी काठाला समांतर पोहावे, आत जाऊ नये.

रानवाट

तिठा, हे पटले. समांतर पोहण्याचा मुद्दा मला आजवर कोणीच सांगितला नव्हता. माझा आक्षेप सूचनांच्या संख्येवर होता, सूचनांवर नव्हे.

उंबरठा

खर्च आणि खाणे यांवर कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या गटात शाकाहारी आणि मांसाहारी अशी सरमिसळ होती. निखाऱ्यावर भाजण्याचा बेत असेल तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात: एक म्हणजे काठावर कुठेही विस्तव पेटवता येत नाही, नगरपालिकेने आखून दिलेल्या जागीच पेटवता येतो, आणि काठावरच्या संरक्षित दलदली प्रदेशांत तर आखलेली वाट सोडण्यासही मनाई असते. दुसरी म्हणजे शाकाहाऱ्यांसाठी वेगळी जाळी आणि वेगळा चिमटा न्यावा. ही जाळी स्वस्त मिळते आणि तिच्यामुळे पुष्कळ अवघडलेपण वाचते. आमच्याकडे मक्याची कणसे आणि पनीर आधी संपले, सॉसेज उरले.

खर्च स्प्लिटवाइज या खर्चवाटणीच्या ॲपवर टाकत जावा, पण होडीचे भाडे सर्वांवर सारखे वाटू नये. जो होडीत बसलाच नाही त्याच्याकडून त्याचा वाटा घेणे अन्यायाचे आहे, आणि बिचारा तोंडाने बोलत नाही. होडी भाड्याने घेताना ज्याच्या नावावर घेतली त्याचा उत्तरदायित्व विमा भाड्याच्या होडीचे नुकसान भरून देतो का, तेही वाचून घ्यावे. बऱ्याच विद्यार्थ्यांकडे तो विमा असतो, पण त्यात भाड्याच्या वस्तू धरलेल्या असतातच असे नाही. राहण्याविषयी: जर्मन युवा वसतिगृहांत मुक्कामासाठी त्यांचे सदस्यत्व लागते, त्यामुळे पहिल्या वेळी खर्च थोडा अधिक दिसतो.

जाता जाता एक गोष्ट. स्टुटगार्टच्या नळाला येणारे पाणी बऱ्याच अंशी याच सरोवराचे असते. झिपलिंगेन या गावाजवळ सुमारे ६० मीटर खोलीवरून ते उपसतात आणि सुमारे ४० लाख लोकांना पुरवतात. तेव्हा काठावर कचरा टाकताना आपण कोणाच्या पेल्यात टाकत आहोत, हे चौकट यांच्या शहरातील मंडळींनी ध्यानात घ्यावे.

चौकट

उंबरठा, ध्यानात घेतले. मी तर सोमवारी सकाळी पेला भरताना आदल्या दिवशी त्यात पोहून आल्याचे विसरण्याचा प्रयत्न करतो.

अबोली

सर्वांचे आभार. मुलीला हा धागा वाचायला दिला. तिने एकच शंका काढली आहे: वाऱ्यामुळे जहाजे बंद पडली आणि आपण पलीकडच्या गावात अडकलो तर रविवारी संध्याकाळी परत कसे यायचे? सोमवारी सकाळी वर्ग असतो ना.

सहप्रवासी

शंका रास्त आहे आणि ती विशेषतः मेअर्सबुर्गबाबत येते, कारण त्या गावाला रेल्वे स्थानक नाही. तिथे अडकल्यास फ्रीडरिक्सहाफेनला जाणारी बस घ्यावी. ही प्रादेशिक बस असल्याने डॉइचलांड-तिकीट तिला चालते. याउलट कोन्स्टान्झला अडकल्यास रेल्वेने राडोल्फत्सेलला जाऊन गाडी बदलावी. तिथून सरोवराच्या उत्तर काठाने युबरलिंगेनमार्गे फ्रीडरिक्सहाफेनला जाणारी लोहमार्गाची शाखा आहे. वेळ बराच लागतो, पण पाणी ओलांडावे लागत नाही. स्टुटगार्टला जाणाऱ्यांना तर फ्रीडरिक्सहाफेनला येण्याचीही गरज नाही. त्यांनी कोन्स्टान्झहून झिंगेनमार्गे परतावे. जहाजाचे परतीचे तिकीट आधीच काढू नये, जातानाचेच काढावे. आणि रविवारी संध्याकाळच्या प्रादेशिक गाड्यांना सायकलवाल्यांची एवढी गर्दी असते की गट मोठा असेल तर शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरलेली बरी.